आधी रिकामं झाड ऐका: किड्यांचे कंपनसंदेश टिपण्याची रीत

भेंडीच्या खोडाला माइक लावून अर्धा तास रेकॉर्डिंग केलं आणि घरी फाइल उघडली तर नुसती घरघर, अशी तक्रार वारंवार येते. फाइल नीट पाहिली की कुठे शेजारच्या विहिरीवरची मोटार सापडते, कुठे वारा, तर कुठे रातकिड्याचाच आवाज ‘तुडतुड्याचा संदेश’ म्हणून जपून ठेवलेला असतो. साहित्य बहुतेकांकडे ठीक असतं, क्रम चुकलेला असतो. म्हणून कोल्हापूर आणि आसपासच्या तालुक्यांत हे करून पाहणाऱ्यांसाठी इथे सगळी रीत क्रमाने लिहितो.

एक गोष्ट आधी पक्की समजून घ्या, पुढचे सगळे टप्पे तिच्यावर उभे आहेत. तीन मिलिमीटरच्या तुडतुड्याला २०० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला २०० कंपनांचा, आवाज हवेत दूरवर पाठवता येत नाही. हवेत त्या आवाजाची तरंगलांबी साधारण १.७ मीटर भरते आणि एवढ्याशा अंगाने ती लाट उठत नाही. तो पोट थरथरवतो, कंपन पायांवाटे खोडात उतरतं, खोड अगदी सूक्ष्म वाकत-सरळ होत ते पुढे नेतं आणि दुसरा तुडतुडा ते आपल्या पायांनी ओळखतो. आपल्या कानांना आणि हवेतल्या माइकला यातलं जवळजवळ काहीच कळत नाही. तेव्हा माइक झाडाजवळ धरून उपयोग नाही, तो झाडाच्या अंगाला टेकलेला हवा.

टप्पा १: कुणाचं ऐकायचं ते आधी ठरवा

‘काहीतरी सापडेल’ म्हणून निघू नका. एक प्राणी आणि एक झाड ठरवा.

सुरुवातीला सर्वांत सोपी वाळवी. शिवाजी पेठेत, मंगळवार पेठेत जुन्या घरांच्या तुळया आणि चौकटी अजून लाकडी आहेत. वाळवीच्या अनेक जातींत धोका जाणवला की सैनिक डोकं लाकडावर किंवा मातीवर भराभर आपटतात आणि बाकीच्या वाळव्या ते ठोके ओळखून सावध होतात. जिवंत वाळवी असलेल्या लाकडाला हलकेच टकटक केली की उत्तर मिळण्याची शक्यता चांगली असते, म्हणजे वाट पाहत बसावं लागत नाही. पोखरलेल्या लाकडात राहणारे डोंगळेही डिवचल्यावर अंग लाकडावर आपटतात.

दुसरी पायरी भेंडीवरचे हिरवे तुडतुडे. पानाच्या मागे असतात, पिल्लं तिरकी चालतात, हे शेतकऱ्याला सांगायला नको. यातले प्रौढ नर-मादी जोडीदार शोधताना देठा-पानांतून कंपनं पाठवतात. गच्चीवरच्या कुंडीतली भेंडी शेतातल्यापेक्षा चांगली, कारण तिला शेजारची पानं घासत नाहीत.

तिसरी पायरी भातावरचे तपकिरी तुडतुडे: आजरा, चंदगड, राधानगरी, गगनबावडा. मादी पोट हलवून २०० हर्ट्झच्या आसपासची कंपनं देते आणि नराचा संदेश तिच्यापेक्षा गुंतागुंतीचा असतो. पण ते बुंध्याशी, पाण्याच्या जरा वर बसतात आणि भाताचा फुटवा नाजूक असतो. पहिल्याच वेळी इथे हात घालू नका.

उसावरची पाकोळी, म्हणजे पायरिला, याच मोठ्या गटातली. तरी ऊस टाळाच. उसाचं पान वाऱ्याच्या नुसत्या झुळकीने खरखरतं आणि फडात एकटं पान सापडत नाही.

सावध: राधानगरी अभयारण्यात वनविभागाच्या परवानगीशिवाय झाडांना काहीही चिकटवू नका. आजरा-चंदगडकडे येणाऱ्या हत्तींची कंपनं ‘टिपायला’ तर कुणीच जाऊ नये. हत्तीच्या गुरगुरण्याची मूळ वारंवारता २० हर्ट्झच्या आसपास असते आणि ती जमिनीतूनही पसरते, हे खरं आहे. पण ती टिपायला जमिनीत रोवायचे जिओफोन लागतात, पुढे सांगितलेलं साहित्य त्या कामाचं नाही. शिवाय जिवाला धोका आहे.

टप्पा २: साहित्य जमवा, आणि इथे घाई करू नका

निम्म्याहून अधिक फाइली याच टप्प्यावर वाया जातात, म्हणून हा भाग सावकाश वाचा.

पिझो चकती. हाच आपला झाडाला टेकवायचा माइक, कंपनाची वीज करणारा. पितळी चकतीवर पांढरा सिरॅमिकचा थर असलेली, बझरमध्ये असते तीच. इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या भागांच्या दुकानात स्वस्तात मिळते. २७ मिलिमीटरची चकती लाकडाला आणि जाड खोडाला चालते. तिचं वजन दोनेक ग्रॅम असतं, तुडतुड्याचं मिलिग्रॅममध्ये. एवढी चकती पानावर लावली तर पान लवतं आणि कंपन तिथेच मरतं. भेंडीच्या कोवळ्या देठाला १५ मिलिमीटरची किंवा त्याहून लहान घ्या. भातासाठी जुन्या रेकॉर्ड प्लेअरचं सिरॅमिक कार्ट्रिज मिळालं तर उत्तम. त्याची सुई फुटव्याला अलगद टेकवता येते आणि वजन स्टँडवर राहतं. किड्यांच्या कंपनांचा अभ्यास करणाऱ्यांनी ही युक्ती पूर्वीपासून वापरली आहे.

वायर. शिल्डेड, मऊ, बारीक. मधली तार सिरॅमिकला, जाळी पितळेला. सोल्डर मारताना सिरॅमिकवर इस्त्री एक-दोन सेकंदांपेक्षा जास्त ठेवू नका. चकती तापली की तिची संवेदना जाते आणि वरचा चांदीचा थर सुटतो. हात बसलेला नसेल तर तारा जोडलेलीच चकती घ्या. नंतर दोन्ही बाजूंना नेलपॉलिशचा पातळ हात द्या, म्हणजे दव आणि हाताचा घाम आत जाणार नाही.

प्री-अँप. चकती आणि मोबाइल यांच्या मधलं, क्षीण संकेत सांभाळून वाढवणारं छोटं सर्किट. इथे सर्वांत मोठी चूक होते. लोक पिझोची वायर थेट मोबाइलच्या माइक-पिनला जोडतात. आवाज येतो, त्यामुळे सगळं बरोबर आहे असं वाटतं. पण पिझो चकती कपॅसिटरसारखी वागते. २७ मिलिमीटरच्या चकतीची क्षमता साधारण २० नॅनोफॅरड असते. तिच्यासमोर कमी रोधाचा, २ किलोओहमचा इनपुट आला तर सुमारे ४,००० हर्ट्झच्या खालचं सगळं उतरत जातं. १० किलोओहमला ही सीमा ८०० हर्ट्झवर येते, १ मेगाओहमला ८ हर्ट्झवर. तुडतुड्याचे संदेश प्रामुख्याने काही शे हर्ट्झमध्ये असतात. म्हणजे थेट मोबाइलला जोडलं की जे ऐकायचं तेच गळून जातं आणि वरची टकटक, खरखर तेवढी उरते.

म्हणून मध्ये १ मेगाओहम किंवा त्याहून जास्त इनपुट असलेली पायरी हवी. ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा एफईटीचा (एका प्रकारच्या ट्रान्झिस्टरचा) छोटा प्री-अँप कोणताही जाणकार रेडिओ मेकॅनिक बनवून देतो. तयार हवं असेल तर ‘इन्स्ट्रुमेंट’ किंवा ‘गिटार’ लिहिलेला इनपुट असलेला यूएसबी ऑडिओ इंटरफेस घ्या आणि ओटीजी वायरने मोबाइलला जोडा. भजनी मंडळाच्या मिक्सरवर असा गिटारचा इनपुट असेल तर घरच्या चाचणीला तोही चालतो.

हेडफोन. कान पूर्ण झाकणारे, वायरवाले. मोबाइलच्या स्पीकरवर १००-२०० हर्ट्झचा आवाज जवळपास उमटतच नाही. कितीतरी चांगल्या फाइली ‘यात काहीच नाही’ म्हणून पुसल्या जातात त्या यामुळे.

चिकटवायला मधमाशीचं मेण घ्या. झटपट चिकटणारा गोंद नको: देठ जळतो आणि चकती काढताना साल निघते. बाकी दोन पातळ काठ्या, कापडी चिकटपट्टी, थर्मामीटर, वही.

टप्पा ३: घरीच चाचणी

शेतात जाण्याआधी पाटावर चकती मेणाने बसवा. रेकॉर्डिंग ॲपमध्ये फाइलचा प्रकार डब्ल्यूएव्ही, ४४.१ किंवा ४८ किलोहर्ट्झ ठेवा. ‘नॉइज रिडक्शन’, ‘ऑटो गेन’, ‘लो कट’ जे असेल ते बंद. मोबाइलचं नेहमीचं व्हॉइस रेकॉर्डर ॲप माणसाचं बोलणं सोडून बाकी सगळं कचरा समजून गाळतं, म्हणून ते वापरू नका.

आता पाच सेंटिमीटरवरून तांदळाचा एक दाणा पाटावर टाका. हेडफोनमध्ये स्पष्ट, भरीव ‘टप्’ यायला हवा. ‘टिक्’ असा पातळ आवाज आला तर टप्पा २ मधला इनपुट तपासा.

तपासा: मोबाइल चार्जिंगला लावलेला असताना आणि काढल्यावर, दोन्ही वेळा ऐका. चार्जर लावल्यावर जी ‘हम्म’ येते ती ५० हर्ट्झची वीज. रेकॉर्डिंग कायम बॅटरीवरच करा. चार्जर काढूनही ‘हम्म’ राहिली तर शिल्डची जाळी कुठेतरी सुटली आहे.

टप्पा ४: जागा आणि वेळ

वारा हा या कामातला मोठा शत्रू, कारण त्याने हलणाऱ्या झाडाची कंपनं नेमकी खालच्या वारंवारतांत असतात आणि संदेशांवर बसतात. पन्हाळा आणि मसाई पठार मनाला कितीही ओढत असले तरी या कामाला वाईट. पहाटे उजाडल्यापासून ऊन चढेपर्यंतची वेळ साधा. भर पावसाळ्यात नादी लागू नका, पानावरून पडणारा प्रत्येक थेंब ठोका देतो. पाऊस ओसरल्यावर, आश्विन-कार्तिकात, हवा स्थिर असते आणि भेंडीवर, भातावर तुडतुडेही सापडतात.

शेतात जाण्याआधी दोन प्रश्न विचारा. पहिला: थ्री-फेज लाइट कधी आहे? मोटारी चालू असताना जमिनीतून आणि पाइपांतून येणारी घरघर कुठल्याही मेणाने थांबत नाही. लाइट नसलेली वेळ धरा. दुसरा: फवारणी कधी झाली? ताज्या फवारलेल्या प्लॉटमध्ये किडे नसतात आणि तिथे पानांना हात लावणं तुमच्यासाठीही घातक.

गळीत हंगाम सुरू झाला की उसाच्या ट्रॅक्टरांचे रस्ते आणि गुऱ्हाळांचा परिसर टाळा. शहरात उद्यमनगरच्या जवळ राहणाऱ्यांनी कुंडी थेट फरशीवर न ठेवता जाड फोमवर ठेवावी, यंत्रांची थरथर इमारतीतून वर चढते.

टप्पा ५: चकती बसवणं

मेण बोटांत मळून मऊ करा आणि चकतीच्या पितळी बाजूला पातळ थर लावा. जाड थर म्हणजे गादी, ती कंपन गिळते. चकती मुख्य खोडावर, किडे दिसतात त्या भागाच्या जवळ पण त्यांच्यापासून थोडी खाली दाबून बसवा. कडा उचललेली नको.

मग वायर. चकतीजवळ सैल वळसा सोडून पुढची वायर वेगळ्या काठीला चिकटपट्टीने बांधा. वायर झाडाला बांधली तर वायरीवर येणारा प्रत्येक वारा, प्रत्येक धक्का झाडात जातो. हे अगदी क्षुल्लक वाटतं, पण एवढ्याने फाइलमधला अर्धा गोंगाट जातो.

तपासा: चकतीपासून वीतभर अंतरावर तांदळाचा दाणा टाका, मग किडे बसलेल्या टोकाकडे टाका. दुसरा ‘टप्’ पहिल्यापेक्षा लहान असावा पण ऐकू यावा. आलाच नाही तर मधला सांधा किंवा फांदी कंपन अडवते आहे, चकती वर सरकवा.

टप्पा ६: रिकामं झाड

हा टप्पा बहुतेक जण गाळतात. त्याच जातीचं, त्याच उंचीचं, पण किडे नसलेलं झाड शोधा. तीच चकती, रेकॉर्डिंगच्या आवाजाची तीच पातळी, दहा मिनिटं रेकॉर्डिंग. त्यानंतरच किडे असलेल्या झाडाकडे जा. उलट क्रमाने केलं तर कान आधीच काहीतरी शोधायला लागलेले असतात आणि रिकाम्या झाडातही ‘संदेश’ ऐकू येऊ लागतात.

रिकाम्या झाडाने त्या दिवसाची, त्या जागेची पाटी दाखवली पाहिजे: वीज किती, वारा किती, पानं कुठे घासतात, दव सुकताना देठ कसा कुरकुरतो. या फाइलीशिवाय दुसरी फाइल पुरावा म्हणून ठेवू नका. मी तरी अशी फाइल मान्य करत नाही.

टप्पा ७: किडे असलेलं झाड

चकती बसवताना झालेल्या हालचालीने किडे गप्प होतात. रेकॉर्डिंग सुरू करून बाजूला व्हा आणि किमान पंधरा मिनिटं पाय हलवू नका. मातीवरची पावलं चकतीला कळतात. मोबाइल एअरप्लेन मोडवर ठेवा, नाहीतर नेटवर्कची टुकटुक वायरीत शिरते.

त्याच वेळी दुसरा मोबाइल जवळ, पण झाडाला न टेकवता, हवेतला आवाज टिपत ठेवा. एखादा आवाज दोन्ही फाइलींत आला तर तो हवेतून आला आहे. रातकिड्यांची किर्रकिर्र साधारण ३ ते ५ किलोहर्ट्झला असते आणि पानं पडद्यासारखी थरथरून ती चकतीपर्यंत आणतात. फक्त झाडाच्या फाइलीत असेल तेवढंच पुढच्या तपासणीला घ्या.

काय ऐकू येईल? चालण्याची आणि सोंड टोचण्याची बारीक, अनियमित टकटक असते, ती संदेश नव्हे. संदेशात ठेवण असते: ठरावीक अंतराने ठोके, किंवा घुमणारा सूर आणि शेवटी ठोके, आणि तेच पुन्हा. त्यापाठोपाठ वेगळ्या सुराचं आखूड उत्तर आलं आणि पुन्हा पहिला सूर आला, तर नर-मादीची जुगलबंदी चालू असण्याचा संभव आहे. अनेक जातींत नर एका झाडावर हाक देतो, उत्तर नाही मिळालं की उडून दुसऱ्या झाडावर जाऊन पुन्हा देतो. म्हणून दहा मिनिटांत काही आलं नाही म्हणून चकती हलवू नका.

वारा अधूनमधून येत असेल तर थांबू नका, मधल्या शांत क्षणांकडे लक्ष ठेवा. अमेरिकेतल्या एका ट्रीहॉपरवरच्या (तुडतुड्यांच्या नात्यातल्या किड्यावरच्या) अभ्यासात वारा असताना नर कमी हाका देतात आणि वारा पडल्यावरच्या खंडात देतात, असं दिसलं आहे.

लाकडातल्या वाळवीचं काम वेगळं. चकती बसवा, दोन मिनिटं ऐका, मग पेन्सिलीने एकदाच टकटक करा आणि थांबा. उत्तर असेल तर एकसारख्या वेगाची ठोक्यांची मालिका येते. सारखं ठोकत राहिलात तर तुमचे ठोके आणि त्यांचे ठोके फाइलीत एकमेकांत मिसळतात.

टप्पा ८: संगणकावर पाहणं

ऑडेसिटी हे मोफत सॉफ्टवेअर पुरे. ट्रॅक स्पेक्ट्रोग्राममध्ये, म्हणजे कुठल्या वेळी कोणती वारंवारता आहे ते दाखवणाऱ्या चित्रात, बदला आणि वरची मर्यादा २,००० हर्ट्झवर आणा. हे न करता पाहिलं तर आपल्याला हवा तो पट्टा तळाशी केसाएवढा दिसतो. विंडो साइज २,०४८ किंवा ४,०९६ ठेवा.

५० हर्ट्झ आणि तिच्या १००, १५० अशा पटींवरच्या सरळ अखंड आडव्या रेघा म्हणजे वीज किंवा मोटार. तळाशी पसरलेला धुरकट पट्टा म्हणजे वारा. तळापासून वरपर्यंत जाणारी एकच उभी रेघ म्हणजे धक्का. याखेरीज जे आकार ठरावीक अंतराने परततात आणि रिकाम्या झाडाच्या फाइलीत अजिबात नाहीत, त्यांच्यावर खूण करा.

सावध: गोंगाट कमी करणारा फिल्टर मूळ फाइलीवर कधीही चालवू नका. प्रत काढून प्रतीवर चालवा. हे फिल्टर स्वतःचेच टिकटिक आवाज तयार करतात आणि ते हुबेहूब संदेशासारखे दिसतात.

वहीत जागा, तारीख, वेळ, झाड, चकतीचं किड्यांपासून अंतर आणि तापमान लिहा. तापमान विसरू नका. किड्यांच्या ठोक्यांचा वेग उष्णतेबरोबर बदलतो, त्यामुळे पहाटेची आणि दहा वाजताची फाइल तापमानाशिवाय शेजारी ठेवून काही अर्थ निघत नाही.

टप्पा ९: परत ऐकवणं, जपून

टिपलेला संदेश झाडात परत सोडून उत्तर येतं का हे पाहायचा मोह सगळ्यांनाच होतो. त्यासाठी दुसरी पिझो चकती खोडाला लावून तिच्यातून आवाज सोडतात. पण पातळी तांदळाच्या दाण्याच्या ‘टप्’पेक्षा बरीच कमी ठेवा आणि एकदा सोडून मिनिटभर थांबा. जोरात सोडलेल्या संदेशाने किडे गप्प होतात किंवा उडून जातात.

भेंडीच्या तुडतुड्यांवर आणि भाताच्या तपकिरी तुडतुड्यांवर भारतीय संशोधक सक्सेना आणि कुमार यांनी १९८० मध्ये दाखवलं, की हवेतून सोडलेला आवाज झाडाने पकडला तर या किड्यांचं संभाषण आणि मीलन विस्कटतं. इटलीत द्राक्षबागांच्या तारा थरथरवून तुडतुड्यांच्या मीलनात अडथळा आणण्याचे प्रयोगही झाले आहेत. हे वाचून कुणी प्लॉटमध्ये स्पीकर लावून कीड हटवायला जाऊ नये. अडथळा मीलनात येतो. झाडावर आधीच बसलेली पिल्लं आणि प्रौढ रस शोषत राहतात. फवारणीचा निर्णयही रेकॉर्डिंगवरून घेऊ नका. एकच नर तासाभरात कितीतरी वेळा हाक देतो आणि पिल्लं जोडीदाराला हाक देतच नाहीत, त्यामुळे संदेश मोजून किडीची संख्या निघत नाही. त्यासाठी पानं उलटून मागचे तुडतुडेच मोजायचे.